पाय जाड, पाऊल बारीक : लिपिडिमा नावाचा दुखरा आजार

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही आरोग्य पानाची मंडळी टेबल मांडून बसतो. रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासायचे यंत्र, वजनकाटा आणि एक शिंप्याची टेप, एवढेच साहित्य. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, एक आशाताई आहेत, औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे. डॉक्टर कधी येतात, कधी नाही.

तीन वर्षांपूर्वी या टेबलापाशी एक ताई आल्या. वय बेचाळीस, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. काट्यावर ८४ किलो भरले. आम्ही सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितले : भात कमी करा, गोड बंद करा, चालत जा. त्या म्हणाल्या, "चालतो ना बाई, रोज चार घरं करतो. पण पाय रात्रभर ठणकते." आम्ही ऐकले. वहीत मात्र वजन तेवढे लिहिले, ठणका लिहिला नाही.

आठ महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा आम्ही ओळखलेच नाही. गाल बसलेले, दंड सुकलेले, डोळ्यांखाली काळे. हिमोग्लोबिन आठवर आलेले. वजन उतरले होते सहा किलो. "मी तं रात्रीचं जेवणच सोडलं," त्या म्हणाल्या. "वरून वाळून गेली, पण पाय काही कमी होऊन नाही राहिले." खरेच होते. कमरेच्या वर एक बाई आणि कमरेच्या खाली दुसरीच कोणी, असे ते शरीर दिसत होते. परिचारिकाताईंनी पहिल्यांदाच साडी वर घेऊन पाय नीट पाहिले. पोटरीवर अंगठा जरा टेकवला तशी ती बाई कळवळली.

मांडीवर काळेनिळे डाग होते. आम्ही खोलीतल्या सगळ्यांना बाहेर पाठवले आणि घरात मारहाण होते का, असे स्पष्टच विचारले. त्यांना हसूही आले आणि रडूही. "नाही हो. बादलीची कड लागली तरी असंच होते. लहानपणापासून."

त्या ताईंना जो आजार आहे त्याचे नाव लिपिडिमा. वस्तीत हे नाव कोणी घेत नाही आणि दवाखान्यातही सहसा ऐकू येत नाही. आमच्या चुकीच्या सल्ल्याने एक बाई आठ महिने अर्धपोटी राहिली, म्हणून या वेळचे पूर्ण पान या आजाराला दिले आहे.

हे आहे तरी काय?

आपल्या सगळ्यांच्या कातडीखाली चरबीचा थर असतो. लिपिडिमात कमरेपासून घोट्यापर्यंतचा हा थर वाढतो आणि त्याचे रूपही बदलते. ती चरबी नुसती जास्त होत नाही, ती आजारी होते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, जरा धक्का लागला की आतल्या आत फुटतात, म्हणून ते काळेनिळे डाग. वाहिन्यांतून पाणी झिरपते, ते पेशींच्या मधल्या जागेत अडकते, म्हणून संध्याकाळी पाय दगडासारखे जड. आत कायमची थोडी दाहाची स्थिती असते, म्हणून दुखते. कोणाला हात लावला तरी दुखते, कोणाला बसल्या जागी ठणकते, कोणाला वाटते की कातडी आतून ताणली जाते आहे. लेकरू मांडीवर येऊन बसले तरी सहन होत नाही, असे सांगणाऱ्या आयाही आम्हाला भेटल्या आहेत.

हा आजार जवळजवळ पूर्णपणे बायकांचाच आहे. पुरुषांत फारच क्वचित दिसतो, तोही शरीरातली हार्मोन्स बिघडलेली असली तर. बायकांमध्ये तो सुरू होण्याच्या किंवा अचानक वाढण्याच्या वेळा ठरलेल्या असतात : पाळी सुरू होते तेव्हा, बाळंतपणात, आणि पाळी जाते तेव्हा. म्हणजे शरीरात हार्मोन्सची उलथापालथ होते त्या वेळा. घराण्यातही चालत येतो. आपल्या ताईंना विचारले तर त्या म्हणाल्या, आई अशीच, मोठी मावशी अशीच. "आमच्या घरच्या बायांचे पायच असे," असे म्हणून तीन पिढ्यांनी तो अंगावर काढला होता.

नवा आजार आहे का? नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी १९४० साली त्याचे वर्णन करून हे नाव दिले. १९५१ मध्ये त्यांनी आणखी एका सहकाऱ्यासह ११९ रुग्णांची माहिती एकत्र छापली. आहाराने पाय उतरत नाहीत हे तेव्हापासून लिहिलेले आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो अकराव्या आवृत्तीत, आणि ती आवृत्ती लागू झाली २०२२ च्या जानेवारीत. ऐंशी वर्षांहून जास्त काळ या बायकांना एकच उत्तर मिळत आले : कमी खा. गरीब असो की श्रीमंत, गोरी असो की काळी, उत्तर तेच. आपल्याकडे त्यात आणखी एक वाक्य जोडले जाते, "बसून खाते म्हणून." दिवसाला आठ तास उभी राहून दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणारी बाई बसून कधी खाते, हे कोणी विचारत नाही.

हाताने ओळखता येतो

या आजारासाठी रक्ताची वेगळी तपासणी नाही. एक्स-रेत तो दिसत नाही. जाणत्या डॉक्टरने विचारपूस करून, डोळ्याने पाहून आणि हाताने चाचपूनच तो ओळखायचा असतो. म्हणूनच घरीही बरेच समजू शकते. निदान आपण करायचे नाही, पण संशय तर घेता येतो.

पहिली गोष्ट, दोन्ही पाय पाहा. लिपिडिमा दोन्ही पायांना सारखाच असतो. एकच पाय जाड असेल तर तो लिपिडिमा नव्हे, कारण दुसरे शोधायला हवे.

मग घोटा पाहा. पायजम्याला खाली नाडी बांधावी तशी चरबी घोट्यापाशी एकदम थांबते. पोटरी जाड, घोट्यावर कडे आल्यासारखी वळी, आणि त्याखाली पाऊल अगदी बारीक, साधे. चप्पल जुन्याच मापाची लागते, पण पैंजण बसत नाही. ही खूण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती बाईला स्वतःला दिसते. काहींच्या दंडांतही असेच होते आणि मनगटापाशी थांबते.

तिसरी खूण पायाच्या बोटाची. अंगठ्याशेजारचे बोट घ्या, ज्यात बाया जोडवे घालतात ते. त्याच्या मुळाशी वरच्या बाजूची कातडी दोन बोटांच्या चिमटीत उचलून पाहा. कातडीची घडी उचलली गेली तर पावलात लसिकेची सूज बहुधा नाही. कातडी जाड, घट्ट झाली आहे आणि चिमटीत येतच नाही असे असेल तर लसिकावाहिन्या तुंबल्याचा संशय घ्यायचा. लसिका म्हणजे पेशींभोवतीचे पाणी. ते गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्या आपल्या अंगभर असतात. डॉक्टर या परीक्षेला स्टेमर यांची खूण म्हणतात. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

आणि चाचपून पाहा. नेहमीची चरबी मऊ लागते. लिपिडिमात सुरुवातीला कातडी वरून गुळगुळीत, पण आत साबुदाण्याचे दाणे भरल्यासारखे लागतात. पुढे दाण्यांच्या गाठी होतात, कातडी जुन्या गादीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसू लागते. त्याही पुढे मांड्यांवर आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला चरबीच्या लोळ्या लोंबतात. डॉक्टर याला पहिला, दुसरा, तिसरा टप्पा म्हणतात. दुखणे मात्र टप्पा पाहून येत नाही. पहिल्या टप्प्यातली मुलगीही रात्रभर जागी राहू शकते.

"हत्तीपाय तर नाही ना?"

आम्ही नागपूरकडचे. आपल्या विदर्भात जाड पाय दिसला की पहिला शब्द तोंडात येतो तो हत्तीपाय. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हत्तीरोग खरेच आहे, त्यामुळे तो शब्द उगाच आलेला नाही. पण त्यामुळे दोन्हीकडून नुकसान होते. लिपिडिमाच्या बाईला हत्तीरोगी ठरवले जाते, तिच्या ताटापासून लोक लांब सरकतात, मुलीच्या सोयरिकीत कुजबुज होते. (हत्तीरोगही शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, तेव्हा ते लांब सरकणे तिथेही चूकच.) उलट खऱ्या हत्तीरोगाच्या माणसाला "चरबी आहे, उतरेल" म्हणून घरी ठेवले जाते.

फरक असा. हत्तीरोग हा सुतासारख्या बारीक जंतामुळे होतो. गटाराच्या, सेप्टिक टाकीच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एका माणसापासून दुसऱ्याकडे नेतो. जंत लसिकावाहिन्यांत बसतात आणि त्या खराब करतात. सूज बहुतेक वेळा एका पायाला येते किंवा एका पायाला जास्त असते, आणि ती पावलावर येते. पावलाचा वरचा भाग उशीसारखा फुगतो, बोटांची कातडी जाड होते, चिमटीत येत नाही. मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते, पाय लाल होतो. पुरुषांत वृषणाच्या पिशवीत पाणी भरते. लिपिडिमात पाऊल कोरडे राहते आणि तापाचे असे झटके येत नाहीत.

रात्री घेतल्या जाणाऱ्या रक्ततपासणीत जंत दिसला तर हत्तीरोग नक्की. दिसला नाही तर मात्र सुटलो असे समजू नका. जुन्या हत्तीपायात रक्तात जंत सापडतच नाहीत असे पुष्कळदा होते. म्हणून निकाल डॉक्टरांवर सोडा. एक मात्र कळकळीने सांगायचे आहे. हे पान वाचून कोणी "आपला हत्तीपाय नाही" असे ठरवून घरोघरी वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या नाकारू नयेत. त्या गोळ्या धडधाकट माणसानेही घ्यायच्याच असतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुले आणि फार आजारी माणसे यांनाच त्यातून वगळलेले आहे.

लिपिडिमा बराच काळ दुर्लक्षित राहिला तर लसिकावाहिन्यांवर ताण येऊन पुढे पावलावरही सूज येऊ शकते. तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात आणि ओळखणे अवघड होते. लवकर ओळखायचे ते यासाठीही.

पाय सुजण्याची इतर कारणेही आहेत, त्यांचा थोडक्यात उल्लेख करतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज असेल तर लघवी तपासून घ्या, मूत्रपिंडाचा प्रश्न असू शकतो. दम लागत असेल, रात्री उशा वाढवून झोपावे लागत असेल तर हृदय तपासायला हवे. थायरॉइड कमी पडली की अंग सुजते, वजनही वाढते. रक्त फार कमी असेल तरी पायावर सूज येते. आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी पुष्कळांच्या घोट्यांवर सूज आणते. तसे झाले तर गोळी आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

एका पायाची पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली, चालताना कळ येते. किंवा पाय लाल होऊन ताप भरला. किंवा गरोदर बाईला सुजेबरोबर डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचे. उद्यावर ढकलायचे नाही.

याच्या जवळचा आणखी एक आजार आहे. त्यात अंगभर, विशेषतः दंड, पोट, मांड्या इथे चरबीच्या दुखऱ्या गाठी होतात, वजन वाढते, फार थकवा येतो. फिलाडेल्फियाच्या डर्कम नावाच्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून डर्कमचा आजार. तो लिपिडिमापेक्षाही विरळा. चरबीची साधी गाठ सहसा दुखत नाही. दुखणाऱ्या अनेक गाठी असतील तर दाखवून घ्या, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मग करायचे काय?

मुळापासून बरे करणारे औषध आज नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण "मुळापासून" हा शब्द वापरूनच बाजारात लुटतात. पण दुखणे कमी करता येते, वाढ रोखता येते, चालणे टिकवता येते. आपल्या ताई आज काम करतात ते यामुळेच.

पोटरीच्या स्नायूंना पायाचे दुसरे हृदय म्हणतात. ते आवळले की पायातले रक्त आणि पाणी वर ढकलले जाते. उभे राहून काम करताना हे स्नायू हलतच नाहीत, म्हणून ओट्यापाशी चार तास उभी असलेली बाई चार तास चाललेल्या बाईपेक्षा जास्त दुखते. यावर उपाय फुकटचा आहे : भांडी घासता घासता दर अर्ध्या तासाला वीस वेळा टाचा वर-खाली करायच्या. बसल्या जागी पंजे पुढे-मागे करायचे. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे सलग चालायचे. घरी आल्यावर वीस मिनिटे पाय भिंतीला टेकवून किंवा उशीवर वर ठेवून पडायचे. लिपिडिमाची सूज पाय वर ठेवल्याने पूर्ण जात नाही, पण जडपणा उतरतो. पोटातून खोल, सावकाश श्वास घेतल्याने लसिकेच्या मोठ्या वाहिन्यांचा प्रवाहही सुधारतो. आनापान करणाऱ्यांना श्वासाचे वेगळे शिकवायला नको, फक्त ते खुर्चीवर बसून करा. मांडी घालून तासभर बसणे या पायांना सोसत नाही. आपल्या ताई वर्षभर वंदनेला येत नव्हत्या त्याचे कारण हेच होते. खाली बसवत नाही आणि एकटीने खुर्चीवर बसायला लाज वाटते. आता विहारात भिंतीलगत चार खुर्च्या ठेवल्या आहेत. पहिल्या दोन रविवारी त्या रिकाम्या राहिल्या. तिसऱ्या रविवारी आमच्या परिचारिकाताई स्वतः जाऊन एकीवर बसल्या, मग बाकीच्या भरल्या.

दाबाचे मोजे हा उपचाराचा मुख्य भाग. औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतात, पण माप घेऊन आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या. साखरेचा आजार असून तळपाय बधिर झालेल्यांनी, किंवा चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागते अशांनी ते परस्पर घालू नयेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर दाबाने इजा होते. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे आणि झोपताना काढायचे. सहा महिन्यांत त्यांचा ताण सैल पडतो. मोजे परवडत नसतील तर क्रेप बँडेजवर काही काळ भागते, पण ते बांधायला आधी शिकावे लागते : बोटांच्या मुळापासून सुरू करून वर जायचे, खाली घट्ट आणि वर सैल. उलटे बांधले, वर घट्ट झाले, तर पाणी खालीच अडकते. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. कातडी कोरडी पडू देऊ नका, खोबरेल पुरते. जोरजोराने मालीश नको, चोळून चोळून डाग वाढतात. हात लावायचाच तर पिठावरून हात फिरवावा इतका हलका, खालून वर.

खाण्याचे बोलायला आम्हाला आता जरा संकोच वाटतो. तरी सांगायलाच हवे. लिपिडिमाबरोबर साधा लठ्ठपणाही असू शकतो, आणि तो असेल तर गुडघ्यांवरचा भार, साखर, रक्तदाब यांसाठी वजन आटोक्यात ठेवणे फायद्याचेच. साखर, बिस्किटे, तळलेले, बाटलीतली गोड पाणी, हे कमी करा. पण पाय उतरतील या आशेने जेवण सोडू नका. उपाशी राहिल्यावर शरीर आधी चेहऱ्यावरची, दंडांवरची चरबी आणि स्नायू खाते. पाय शेवटपर्यंत तसेच राहतात. वरण, उसळ, अंडी, सुकट, ज्वारीची भाकर, पालेभाजी, हे दोन वेळा पोटभर खायचे. प्रगती काट्यावर मोजू नका. कमरेचा घेर टेपने घ्या. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असला की पुष्कळ ठीक. आणि वहीत लिहा : आज रात्री झोप लागली का, किती पायऱ्या चढवल्या.

शस्त्रक्रिया आहे. आजारी चरबी नळीने ओढून काढतात. जाणत्या सर्जनने केली तर दुखणे आणि जडपणा कमी होतो असा अनुभव आहे; जर्मनीत २०२० पासून तिसऱ्या टप्प्यातल्या बायकांसाठी तिचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून दिला जाऊ लागला. आपल्याकडे खासगीत खर्च लाखांच्या घरात जातो. ब्युटी क्लिनिकच्या जाहिराती पाहून, कर्ज काढून, कोणीही हे करू नये. लसिकावाहिन्या न सांभाळता चरबी ओढली तर पायाला कायमची सूज येऊ शकते. आणि शस्त्रक्रियेनंतरही मोजे आणि चालणे सुटत नाही.

आता पैसे कुठे घालवू नयेत ते. चरबी जाळणारी पावडर, पट्टे, चहा, सगळे व्यर्थ. "पाणी उतरवायची" म्हणजे लघवी वाढवणारी गोळी लिपिडिमावर चालत नाही, कारण मूळ दुखणे चरबीचे आहे. महिनोनमहिने घेतली तर शरीरातले क्षार बिघडतात. (हृदय, मूत्रपिंड, रक्तदाब यासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चालू ठेवा.) दुखणे मारायच्या गोळ्या रोज घेऊ नका, मूत्रपिंडे जातात. सगळ्यांत घातक म्हणजे कागदाच्या पुडीतली, नाव नसलेली सांधेदुखीची पावडर. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. पहिल्या आठवड्यात जादू वाटते, मग चेहरा गोल होतो, पोट सुटते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आधीच वजनाने पिडलेल्या बाईला ते आणखी वजन देते. अशी पुडी घरात असेल आणि बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद न करता ती पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा. अचानक थांबवणेही धोक्याचे असते.

घरातल्यांशी दोन शब्द

आपल्या ताईंच्या यजमानांना आम्ही बोलावून घेतले. रिक्षा चालवतात. सगळे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मीच तिले म्हशी म्हणत होतो." पुढे काही बोलले नाहीत. पाण्याच्या गुंडा आता ते स्वतः भरतात असे शेजारणीकडून कळले.

त्यांची मुलगी तेरा वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगच्या नाचातून तिने नाव काढून घेतले होते. पोटऱ्या दाबल्या की दुखतात, डागही पडतात. तिचे वजन वयाला अगदी बरोबर आहे. अशा मुलीला "आतापासून कमी खा" सांगणे म्हणजे आईच्या वाटेने पाठवणे. तिला सांगायचे ते हे : तुझे काही चुकलेले नाही, खेळ सोडू नकोस, पायांना ताकद येऊ दे. पोहणे या आजाराला फार चांगले, पाण्याचा दाब मोज्यासारखाच काम करतो. पण वस्तीतल्या मुलीला तलाव कुठला, म्हणून सायकल आणि कबड्डीवर आम्ही समाधान मानले.

काळेनिळे डाग पाहून शेजारणीने विचारपूस केली तर रागावू नका. आणि विचारणारीने फक्त "आजार असेल" म्हणून विषय सोडूनही देऊ नये. लिपिडिमाचे डाग मांड्या-पोटऱ्यांवर असतात. तोंडावर, गळ्यावर, पाठीवर, मनगटावर डाग असतील तर ते चरबीचे नव्हेत, आणि तिथे गप्प बसायचे नाही.

ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटे असतात. त्या दोन मिनिटांत "पाय दुखतात" एवढेच सांगितले तर वेदनाशामक गोळी मिळते. म्हणून आम्ही ताईंना एका कागदावर लिहून दिले, तेच इथे देतो. वहीच्या पानावर उतरवून सोबत न्या :

"दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड आहेत, पावले बारीक आहेत. दाबले की दुखते. सहज काळेनिळे डाग पडतात. पाळी सुरू झाल्यापासून (किंवा बाळंतपणापासून) आहे. आईला, मावशीला असेच आहे. जेवण कमी करून वरचे अंग वाळले, पाय उतरले नाहीत. लिपिडिमा असू शकतो का? थायरॉइड, लघवी, हिमोग्लोबिन, हत्तीरोग आणि पायाच्या शिरांचा डॉप्लर तपासायचा का?"

ताई हा कागद घेऊन तीन ठिकाणी गेल्या. एका ठिकाणी तो न वाचताच परत दिला. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा भात बंद करायला सांगितले. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "पाय दाखवा." दुसऱ्या रविवारच्या टेबलावर त्या कागदाच्या प्रती ठेवलेल्या असतात. ज्यांना हव्या त्यांनी घेऊन जाव्यात, आणि पाय दाखवायला येताना संकोच करू नये. पडदा लावलेला आहे.